नोआलिंक वायरलेस: कानाच्या मशीनचं सेटिंग घरी करायचं असेल तर

नागपुरात धंतोलीतल्या क्लिनिकमध्ये कानाच्या मशीनचं सेटिंग होतं ते दार बंद केलेल्या शांत खोलीत. मशीन वापरायची असते मात्र घरी, एप्रिल-मेच्या कूलरच्या घरघराटात, शेजारी मिक्सर सुरू असताना आणि नातवंडं दुसऱ्या खोलीतून ओरडत असताना. क्लिनिकात छान ऐकू येणारी मशीन घरी आल्यावर 'नुसता गोंगाट करते' अशी तक्रार म्हणूनच होते. जिथे त्रास होतो तिथेच बसून सेटिंग बदलता आलं तर काम निम्मं सोपं होतं, आणि ते करायला लागणारी वस्तू म्हणजे नोआलिंक वायरलेस.

ही हिमसा या डॅनिश कंपनीची हलकी, हातात मावणारी डबी. लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायची. तिला सेल नाही, चार्जिंग नाही. तिचं काम एकच: लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आणि कानातली मशीन यांचं ब्लूटूथवरून बोलणं करून देणं. सॉफ्टवेअर मात्र ज्या कंपनीची मशीन तिचंच लागतं. फोनाकला टार्गेट, ओटिकॉनला जेनी २, सिग्नियाला कनेक्स, रिसाउंडला स्मार्ट फिट. ही सगळी विंडोजवर चालतात. कंपन्या ती व्यावसायिकांसाठी बनवतात, त्यामुळे घरी अडलात तर त्यांच्या ग्राहकसेवेकडून मदतीची आशा ठेवू नका. पहिली खातरजमा इथेच करा: तुमचं मॉडेल त्या सॉफ्टवेअरच्या यादीत नोआलिंक वायरलेसखाली दिसतं का? आणि मशीन विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाची, लॉक केलेली तर नाही? लॉक असेल तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर तिला उघडतच नाही आणि डबीचे पैसे वाया जातात. यापुढची उदाहरणं फोनाक टार्गेटची आहेत. बाकी सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात, क्रम साधारण हाच.

जोडणी अडते ती बहुतेक वेळा फोनमुळे. मशीन आधीच मोबाइलशी जोडलेली असते, म्हणून घरातल्या त्या फोनचं ब्लूटूथ बंद करूनच बसा. सेलवाली मशीन असेल तर सेलचं दार उघडून पुन्हा लावायचं. चार्जिंगवाली असेल तर पूर्ण बंद करून सुरू करायची. त्यानंतर काही मिनिटंच ती शोधणाऱ्याला सापडते, तेव्हा आधी सॉफ्टवेअरमध्ये शोध सुरू करा आणि मग दार लावा. उलट केलं की 'सापडत नाही' म्हणून अर्धा तास जातो. नवा झिंक-एअर सेल घालत असाल तर चिकटपट्टी काढून त्याला चार-पाच मिनिटं हवा खाऊ द्या. लगेच घातला तर पूर्ण ताकद येत नाही. डावी-उजवी ओळखायला रंग आहेत: लाल उजवी, निळी डावी. पडद्यावर बाजू उलटी लागली असेल तर पुढचं सगळंच चुकणार.

जोडणी झाली की सॉफ्टवेअर विचारतं, मशीनमधलं सेटिंग वाचायचं की संगणकातलं वापरायचं. या डबीच्या वापरात सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. पहिल्या वेळी नेहमी मशीनमधलं वाचा, वेगळ्या नावाने साठवा आणि त्याचा अहवाल छापून ठेवा. नाहीतर ऑडिओलॉजिस्टने (मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाने) चार भेटींत बसवलेलं सेटिंग एका क्लिकवर पुसलं जातं, आणि ती जुनी फाइल तुमच्याकडे नसते.

त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे स्वराची उंची) हवेतून घेतलेले आकडे, दोन्ही कानांचे, आणि हाडातून घेतलेलेही. रिपोर्ट वर्षाच्या आतला असावा. टार्गेटमध्ये मशीनमधूनच तपासणी घेण्याची सोय आहे, ऑडिओग्रामडायरेक्ट नावाची. ती कामाची आहे, कारण आवाज तुमच्याच डोममधून, म्हणजे कानात जाणाऱ्या रबरी टोपीतून, तुमच्याच कानात जातो. पण घेताना पंखा-कूलर बंद हवा, म्हणजे उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा थेट हिवाळ्यात. हाडातून होणारी तपासणी तिच्यात नसते, त्यामुळे दुखणं कानाच्या पडद्याशी आहे की आतल्या नसेशी, हे ती सांगत नाही.

आता खरी मेख, ध्वनीची माहिती भरण्याची. रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर, ताकदीप्रमाणे कोणता (एस, एम, पी की यूपी) ते रिसीव्हरवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. डोम ओपन (मोकळा), व्हेंटेड (छिद्रांचा) की पॉवर (बंद), तेही खरं भरा. कानात ओपन डोम आणि सॉफ्टवेअरमध्ये पॉवर असं झालं तर सॉफ्टवेअर धरून चालतं की कान बंद आहे. प्रत्यक्षात जाड आवाज बाहेर निसटतो, आणि आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. मग माणूस आकडे वाढवत बसतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी म्हणजे मशीनने मोठा केलेला आवाज कानातून गळून पुन्हा तिच्याच माइकमध्ये शिरणं. म्हणून डोम बदलला की फीडबॅक टेस्ट, म्हणजे ही गळती मोजणारी चाचणी, पुन्हा घ्यायचीच. दोन्ही कानांत मशीन नीट बसवून, न बोलता, जबडा न हलवता. चाचणी संपल्यावर आलेखात उंच स्वरांवर जी मर्यादा दिसते तिच्याशी भांडू नका. तिच्यावर जायचं असेल तर जास्त बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड हाच मार्ग.

फाइन ट्यूनिंगमध्ये तीन रांगा असतात: जी५० म्हणजे हळू आवाज, जी६५ म्हणजे नेहमीचं बोलणं, जी८० म्हणजे मोठा आवाज. त्यांच्या वर एमपीओ, म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती जोरात वाजेल याची मर्यादा. एमपीओ घरी वाढवायची नाही. उरलेलं ऐकणंही त्या जोराने जाऊ शकतं. बाकी रांगांत एका वेळी एकच बदल, तोही २ डेसिबलचा, आणि दोन दिवस ऐकून मगच पुढचा. भांडी आपटल्याचा आवाज डोक्यात जातो? फक्त जी८० मध्ये ३००० ते ४००० हर्ट्झला २ कमी. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटतो? २५० आणि ५०० हर्ट्झला २ कमी, किंवा व्हेंटेड डोम. 'सात' की 'साठ' कळत नाही? मग २००० च्या वर जी५० आणि जी६५ बघा. त्, ठ्, स्, श् यांची ओळख त्या उंच पट्ट्यात असते. शिट्टी नको म्हणून तोच पट्टा कापला की आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं आजोबा लक्षच देत नाहीत.

कूलरसाठी वेगळा प्रोग्राम, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, ठेवा, रोजच्या प्रोग्रामला हात लावू नका. त्यात २५० ते ७५० हर्ट्झचा जी५० ३-४ डेसिबलने खाली, नॉइज ब्लॉक एक पायरी वर, माइक समोरच्या बोलण्याकडे. कूलरचा आवाज एकसारखा असतो, म्हणून गोंगाट कमी करणारी सोय त्याला चांगली ओळखते. माणसाचं बोलणं चढउतारांचं, ते ती बऱ्यापैकी वाचवते. पण राजेहो, कूलरची हवा थेट कानावर येत असेल तर कोणतंही सेटिंग पुरत नाही. माइकच्या छिद्रावरून वारा गेला की फडफडीचा आवाज तिथेच तयार होतो. विंड ब्लॉक तो थोडा दाबतो, खुर्ची दोन हात बाजूला सरकवली की तो जातो.

एक गोष्ट लॅपटॉप उघडण्याच्याही आधीची. 'आवाज कमी झाला' असं वाटलं की आधी रिसीव्हरच्या टोकाची मळाची जाळी, म्हणजे वॅक्स गार्ड, बदला. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जाळी तुंबलेली असताना वाढवलेला आवाज जाळी बदलल्यावर कानात तोफेसारखा येतो.

२०१८ च्या आधीच्या बऱ्याच मशीनना ही डबी चालत नाही. त्यांना हायप्रो हा वायरवाला डबा, मॉडेलप्रमाणे केबल आणि सेलच्या जागी बसणारी प्रोग्रामिंग पट्टी किंवा गोळी लागते. त्यात कटकट जास्त. संपर्क मळले तर जोडणी तुटत राहते, आणि काही जुनी सॉफ्टवेअर लहान आकड्याचाच कॉम पोर्ट (विंडोजने त्या जोडणीला दिलेला क्रमांक) ओळखतात, तेव्हा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो १ ते ४ मधला करावा लागतो. ज्यांना संगणकाची भीती वाटते त्यांनी या वाटेला जाऊ नये. नोआलिंकच्या बाबतीत तितकं म्हणता येत नाही.

नवीन मशीनचं पहिलं फिटिंग मात्र घरी नको. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज प्रत्यक्ष मोजण्याची सोय ऑडिओलॉजिस्टकडेच असते. सॉफ्टवेअरमधला आलेख हा अंदाज असतो. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, कान वाहतोय, चक्कर येतेय, तर डबी बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नागपुरात मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत तो विभाग आहे. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं जास्त लागू पडतं.

राहता राहिलं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट. सॉफ्टवेअर ते आपणहून सुचवतं. नव्या सोयीची गरज नसेल तर नाही म्हणा. करायचंच असेल तर मशीन पूर्ण चार्ज, किंवा सेल नवे, लॅपटॉप इन्व्हर्टरच्या प्लगवर, स्लीप मोड बंद. अर्धवट तुटलं तर मशीन कानात गप्प बसते आणि शेवटी कंपनीकडेच पाठवावी लागू शकते.