स्पीड रीडिंगचं ॲप आणि कोर्स: सहा आठवड्यांनंतर माझा रिव्ह्यू

एन्ट्रन्सच्या मॉकमध्ये माझं रडगाणं एकच, पॅसेज संपेपर्यंत वेळ संपायचा. म्हणून एक स्पीड रीडिंगचं ॲप घेतलं आणि त्यांचाच सहा आठवड्यांचा कोर्सही केला. नाव लिहीत नाही, कारण याच धर्तीची बरीच ॲप आहेत आणि मला जे सांगायचंय ते फक्त या एकाबद्दल नाहीये.

पहिले तीन आठवडे एकच काम. स्क्रीनच्या मधोमध एकेक शब्द झळकतो, त्यातलं एक अक्षर लाल असतं, नजर तिथेच ठेवायची. मीटर 210 वरून 600 शब्द प्रति मिनिटावर गेला, मी खूप खूश. मग त्याच स्पीडने सिकाडा किड्यांवरचा एक पॅसेज केला, 13 किंवा 17 वर्षं जमिनीखाली काढून बाहेर येतात ते. आकडे लक्षात राहिले, या मूळ संख्या असल्यामुळे शिकारी प्राण्यांचं चक्र त्यांच्याशी सहसा जुळत नाही ही थिअरीपण राहिली, पण लेखक ती थिअरी मान्य करतोय की खोडतोय हेच सांगता येईना! परत उघडून बघितलं तर तिसऱ्या पॅराच्या सुरुवातीलाच 'मात्र' होतं. 600 च्या स्पीडला एका शब्दाच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग येतो, त्यात ते 'मात्र' कधी आलं आणि गेलं कळलंच नाही. चारपैकी एक उत्तर बरोबर.

कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगतात की वाचताना मागे जाणं ही वाईट सवय, ती मोडा. हे मला आता साफ चुकीचं वाटतं. वाचताना डोळा उड्या मारत जातो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि अधूनमधून मागे जातो, कारण काहीतरी नीट लागलेलं नसतं. 2014 मध्ये शॉटर, ट्रॅन आणि रेनर या संशोधकांनी वाचून झालेले शब्द लगेच झाकून बघितले म्हणजे मागे जाऊन काही मिळूच नये, तर लोकांना कमी समजलं. आणि संशोधक ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, त्यात मोठ्या माणसांचा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचायचा सरासरी वेग आहे 238. म्हणजे माझे 210 काही फार मागे नव्हते, उगाच मी स्वतःला स्लो समजून घाबरत होते.

वाचताना शब्द मनातल्या मनात उच्चारले जातात, तो आवाज बंद करायला एक-दोन-तीन-चार पुटपुटत वाचायला लावतात, तेही अवघड पॅसेजला मला अजिबात जमलं नाही, वाक्य लांबलं की अर्थच निसटायचा.

पण चौथा आठवडा खरंच चांगला आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. प्रत्येक पॅरा झाला की स्क्रीन झाकायची आणि लेखकाने इथे काय केलं ते एका ओळीत लिहायचं: मुद्दा मांडला, उदाहरण दिलं, विरोध केला, माघार घेतली. सोबत चुकांची वही. माझ्या 20 चुका लिहिल्या तेव्हा दिसलं की 11 ठिकाणी मी निवडलेला पर्याय खरा होता पण विचारलेलं वेगळंच होतं, प्रश्नातलं 'सोडून' किंवा 'लेखकाच्या मते' मी गाळलेलं. एवढं सुधारलं आणि आठ मिनिटांचा पॅसेज साडेपाचवर आला, कारण प्रश्नासाठी परत जायचं तर कुठल्या पॅरात जायचं हे माहीत असतं.

पाचवा-सहावा आठवडा नुसती प्रॅक्टिस, ठीकठाक.

मोठी तक्रार मीटरबद्दल. त्याखालचे प्रश्न सगळे नाव-आकडा विचारणारे, लेखकाचा सूर काय, यावरून काय निष्कर्ष निघतो असं एकही नाही, आणि परीक्षेत मार्क त्याच प्रश्नांवर जातात. पाचपैकी अडीच देईन, तेही चौथ्या आठवड्यासाठी. मीटरखाली असे प्रश्न टाका म्हणून त्यांना मेल केलाय, उत्तर अजून आलेलं नाही.