फिक्स हायर की शेअर? एकपडदा थिएटरचा करार करण्याआधी

मल्टिप्लेक्सवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. 2009 च्या निर्माता-मल्टिप्लेक्स वादानंतर त्यांची घडी बसली: नेट (कर वजा जाता) उत्पन्नातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, मग 42.5, 37.5 आणि चौथ्यापासून 30. तालुक्याच्या गावातल्या एकपडदा थिएटरमालकाला मात्र चित्रपटागणिक नव्याने ठरवावं लागतं: वितरकाला आठवड्याचं ठरावीक हायर, म्हणजे चित्रपटाचं भाडं, मोजायचं की उत्पन्नाच्या टक्केवारीवर, म्हणजे शेअरवर, जायचं?

फिक्स हायरचं सुख खरं आहे. रोजचा कलेक्शन रिपोर्ट पाठवायचा नाही, वितरकाचा माणूस काउंटरवर येऊन तिकिटं मोजणार नाही, हाउसफुल्लचा वरचा पैसा सगळा आपला. जत्रेचा आठवडा, दिवाळीची सुट्टी, किंवा दुसऱ्या फेरीत स्वस्तात मिळणारा चित्रपट असेल तर हायरच घ्यावं असं मीही सांगेन.

माझा कल तरी शेअरकडे आहे आणि त्याला मुख्य कारण केडीएम. सर्व्हरवरचा कुलूपबंद चित्रपट उघडणारी ही डिजिटल चावी तुमच्याच सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी, त्याच आवृत्तीसाठी आणि ठरलेल्या मुदतीपुरती बनते. सर्व्हरमधला चित्रपट उलगडणारा भाग, म्हणजे मीडिया ब्लॉक, बदलला आणि नवं सर्टिफिकेट चाव्या बनवणाऱ्या लॅबला कळवलं नाही, तर चावी चालत नाही. सबटायटलवाली आवृत्ती लोड झाली आणि चावी बिनसबटायटलची आली, तरी तेच. मुदत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिताना साडेपाच तासांचा घोळ झाला, तर 12 चा शो गेलाच. अशा वेळी हायर गुरुवारीच जमा झालेलं असतं आणि करारात ते आठवड्याचं लिहिलेलं असतं, शोचं नाही. बुडालेल्या शोचे पैसे मागायला कागदावर आधारच नसतो. शेअरमध्ये बुडालेला शो वितरकाचाही बुडतो, त्यामुळे नवी चावी तासाभरात येते, असा अनुभव आहे. हायरच घ्यायचं असेल तर दोन ओळी घालून घ्या: चावी किमान 24 तास आधी मिळावी, आणि चावीअभावी शो रद्द झाला तर हायर त्या प्रमाणात कमी व्हावं.

जीएसटीचा हिशेबही शेअरकडेच झुकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आहे, पण वितरकाच्या बिलावर 18. आठवड्याचं नेट 40,000 धरा. तिकिटांवरचा कर 2,000. हायर 30,000 असेल तर त्यावर 5,400 भरलेले, म्हणजे 3,400 चं क्रेडिट (तिकिटांवरच्या करातून वळता न झालेला, आधीच भरलेला जीएसटी) पडून राहतं. 45 टक्के शेअरवर 18,000 चं बिल, त्यावर 3,240, अडकतात 1,240. सेवांवरच्या अशा साचलेल्या क्रेडिटचा रिफंड मिळत नाही, त्यामुळे मंदीच्या आठवड्यात हा फरक खिशाला लागतो. 2 टक्के टीडीएस दोन्हींकडे सारखाच. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर कापा.

शेअरची दुखरी नस म्हणजे ‘नेट’ हा शब्द. जीएसटी वजा होणार हे उघड आहे, पण सर्व्हिस चार्ज, थ्रीडी चष्म्याचं भाडं, ऑनलाइन बुकिंगची फी, पास? यातलं काय आधी वजा होणार ते लिहून घ्या. तोंडी ठरलेलं तिसऱ्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही. होल्डओव्हरचा आकडाही तिथेच नोंदवा: सोमवार ते गुरुवार किती नेट पडलं तर चित्रपट पुढे चालणार.

एक कागद दोन्ही प्रकारांत आधी बघायचा, तो वितरकाच्या हक्कांचा. वितरणाचे हक्क सर्किटनुसार, म्हणजे विभागवार, विकले जातात; विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये आणि मराठवाडा निझाममध्ये मोडतो. मुंबई सर्किटचे हक्क असलेल्या वितरकाचा करार तिथे कामाचा नाही. जुना चित्रपट पुन्हा लावताना तर जास्तच जपा, कारण हक्कांच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 51 नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्या मालकालाही उल्लंघनात धरतं. आपल्याला कल्पना नव्हती आणि शंका यायलाही कारण नव्हतं, हे त्याला दाखवता यायला हवं. म्हणून हक्कपत्राची प्रत, सेन्सॉर सर्टिफिकेट आणि सहीचा करार हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स सोडू नका.