तान्ह्या बाळाला घेऊन नर्मदेतलं बेट : ओंकारेश्वर की हनुवंतिया?

इंदूरहून समुद्र लांब. आपल्याला बेट हवं असेल तर नर्मदामाईच्या अंगणातच शोधायचं. लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा आम्ही एका शनिवार-रविवारी हनुवंतियाला गेलो आणि दोनेक महिन्यांनी ओंकारेश्वरला. कडेवरचं मूल आणि हात राखून करायचा खर्च, अशा बेतात असलेल्यांना आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

भेरूघाट दोन्हीकडे जाताना लागतोच. ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर, तर सनावद-पुनासा-मूंदी करत हनुवंतिया १३०-१४०. मोठ्यांना हा फरक जाणवत नाही. आमची लेक मात्र बडवाहपर्यंत छान झोपते आणि मग जी उठते ती उठतेच. ओंकारेश्वरला जाताना ती उठली तेव्हा आम्ही जवळजवळ पोहोचलो होतो. हनुवंतियाच्या वेळी पुढचा सगळा रस्ता तिची आई तिला मांडीवर घेऊन खेळवत होती.

हनुवंतिया सुंदर आहे, यात शंका नाही. इंदिरा सागर धरणाचं पाणी समोर असं पसरलेलं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो. याच पाण्याखाली २००४ साली हरसूद हे अख्खं गाव गेलं. हे माहीत असलं की संध्याकाळी काठावर उभं राहताना मन जरा जड होतं. बाळ असलेल्यांसाठी मोठी सोय म्हणजे नावाला बेट असलं तरी गाडी थेट आत जाते. बॅग, दुपटी, थर्मास, काही म्हणजे काही उचलत न्यावं लागत नाही. गर्दी नाही, आवाज नाही. जलमहोत्सवाचे दिवस टाळले तर शांतता पुरेपूर मिळते. फक्त दुपारी उघड्यावर सावली कमी आणि संध्याकाळनंतर पाण्यावरून वारं सुटतं, म्हणून लेकीला बाहेर ठेवता आलं ते सकाळी थोडा वेळ आणि सूर्यास्ताच्या आसपास.

एवढ्यावर आम्ही खूश होतो. शनिवारी रात्री साडेआठला लेकीने नव्या दोन दातांनी दुधाच्या बाटलीचं निपल चावून फाडलं. जादा निपल आणलं नव्हतं. वाटी-चमच्याने पाजायला गेलो तर भुकेने ती इतकी कासावीस झाली होती की अर्धं दूध अंगावर सांडलं. जवळचं गाव मूंदी, पण जवळचं म्हणजे गाडी काढावीच लागते. अंधारात गेलो, मेडिकल बंद होण्याच्या बेतात होतं, तिथे मिळालेलं निपल आमच्या बाटलीला बसेना म्हणून बाटलीसकट नवीन घेऊन आलो. जाऊन-येऊन दीड तास गेला. तेवढा वेळ बायको अनोळखी जागी रडणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. परत आलो तेव्हा लेक हुंदके देत झोपली होती आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं.

चूक आमचीच होती. पण तान्ह्या मुलाबरोबर काही ना काही विसरतंच, फाटतंच, संपतंच. तेव्हा दुकान पायी गाठता येतं का, हा प्रश्न आमच्यापुरता सगळ्यांत मोठा ठरला.

ओंकारेश्वरला आम्ही शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात उतरलो. ते अलीकडच्या काठाला आहे, म्हणजे बेट समोर ठेवून राहायचं. खोली साधी आणि स्वच्छ, जेवण साधं. वरण-भात कालवून लेकीला भरवला तर घरच्यासारखा खाल्ला. डायपर, मेडिकल, दूध, सगळं गावात मिळतं. हनुवंतियाच्या एका रात्रीत जेवढे खर्च झाले, तेवढ्यात इथे दोन रात्री राहून, जेवून, नावेत बसूनही पैसे उरले. शनिवारी मात्र सकाळी लवकर पोहोचलेलं बरं.

ओंकारेश्वरचे त्रासही सांगायला हवेत. बेटावर पायऱ्या आहेत आणि अरुंद वाटा. बाबागाडी घरीच ठेवा, पोटाशी बांधायची झोळी घ्या. श्रावण, महाशिवरात्र आणि एरवीचे सोमवार बाळाला घेऊन नकोच. दर्शनाला आम्ही आळीपाळीने गेलो, एकजण रांगेत आणि दुसरा लेकीला घेऊन सावलीत. बेटाची सात-एक किलोमीटरची परिक्रमा सोडून दिली आणि डोंगरावरचा शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा खालूनच पाहिला. अलीकडच्या काठावरच्या ममलेश्वराला मात्र निवांत वेळ दिला. तिथल्या दगडी खांबांना हात लावत लेक बराच वेळ रमली. एक गोष्ट काळजीने सांगतो : धरण अगदी वरच्या अंगाला आहे, पाणी सोडलं की घाटावरची पातळी बघता बघता वाढते. भोंगा वाजला की मुलाला घेऊन लगेच वर या, आणि एरवीही खालच्या पायऱ्यांवर बसू नका.

सकाळी साडेसहाला घाटावर कोवळं ऊन होतं. नावाडीदादांना हळू न्यायला सांगितलं, त्यांनीही बाळ पाहून नाव काठाकाठाने नेली. लेक पाण्याकडे एकटक बघत राहिली. हनुवंतियाच्या अथांग पाण्यापुढे ती बावरली होती, इथे दोन्ही काठ दिसतात, माणसं दिसतात, घंटा ऐकू येतात. हा तिचा कल झाला, तुमच्या मुलाचा वेगळा असू शकतो.

मूल दोन-अडीच वर्षांचं असेल, घरचं जेवत असेल आणि तुम्हाला खरोखर एकांत हवा असेल, तर हनुवंतियाला जरूर जा. आम्हीही लेक पळायला लागली की पुन्हा जाणार आहोत. पण वर्षाच्या आतल्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडत असाल, तर मी आधी ओंकारेश्वर सुचवेन.

जाल तिथे आजीचं बोंडलं बरोबर ठेवा. आमचं चांदीचं बोंडलं कपाटात पडून होतं. ओंकारेश्वरला निघताना आईने ते स्वतः उकळून पिशवीत टाकलं. दोन दिवस लेक त्यातूनच दूध प्यायली, बाटली बाहेर काढावीच लागली नाही.