तीन ड्राइव्ह आणि एक बूट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मशीनमध्ये तीन ड्राइव्ह होत्या. नवी एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान ड्राइव्ह), लिनक्ससाठी एक साटा एसएसडी (केबलने जोडायची, तुलनेने हळू), आणि आधीपासूनची २ टीबीची हार्ड डिस्क. एनव्हीएमईवर विंडोज नव्याने टाकलं, बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बूट ऑर्डरमध्ये (कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर दिसलं आणि मी समाधानाने बाहेर पडलो. त्या नावापुढे कंसात जुन्या हार्ड डिस्कचा मॉडेल नंबर होता. तो मी वाचलाही होता, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तिसऱ्या महिन्यात हार्ड डिस्क टकटक करायला लागली. डेटा काढून घेतला, केबल उपसली, बटण दाबलं, तर काळा पडदा आणि बूट करण्यासारखी डिस्क सापडत नसल्याचा निरोप. विंडोज तर एनव्हीएमईवर! केबल परत लावली की सगळं सुरळीत.

उत्तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये (ड्राइव्हचे भाग दाखवणाऱ्या टूलमध्ये) समोरच होतं. हार्ड डिस्कवर १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली ठेवायचा छोटा भाग), त्यावर 'सिस्टम' असा शिक्का. एनव्हीएमईवरच्या सी ड्राइव्हवर 'बूट'. ही नावं उलटी का ठेवली असावीत, देव जाणे: बूटच्या फाइली असतात ते 'सिस्टम', आणि सिस्टम असते ते 'बूट'. हार्ड डिस्कवर पूर्वी विंडोज होतं, त्यामुळे ते पार्टिशन आयतं तयार होतं. इन्स्टॉलरने तेच वापरलं. म्हणजे एवढे दिवस मशीन रोज आधी हार्ड डिस्कचं दार ठोठावत होतं आणि मग एनव्हीएमईवर जात होतं.

दुरुस्ती अशी केली: सी ड्राइव्ह थोडी आकसून मोकळी जागा काढली, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने तिथे ईएफआय पार्टिशन बनवून फॅट३२मध्ये फॉरमॅट केलं, त्याला तात्पुरतं अक्षर दिलं आणि बीसीडीबूट ही दुसरी कमांड चालवून बूटच्या फाइली तिथे उतरवल्या. कमांड एका ओळीची, पण एंटर दाबायला मी दहा मिनिटं घेतली. आता कंसात एनव्हीएमईचं नाव येतं.

लिनक्स टाकताना मात्र शहाणपण दाखवलं. बाकीच्या ड्राइव्ह काढून ठेवल्या, त्यामुळे त्याचा बूटलोडर (लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) त्याच्याच एसएसडीवर बसला. लिनक्स हवं तेव्हा सुरू होताना एफ११ दाबतो (काही बोर्डांवर एफ८ किंवा एफ१२ असतं). ती निवड त्या एका वेळेपुरती, मूळ क्रम तसाच राहतो. मध्ये बायोस अपडेट केल्यावर बूट ऑर्डरमधली लिनक्सची नोंदच गायब झाली होती, ती पुन्हा घालावी लागली.

वेगाचं म्हणाल, तर साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, माझी एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास. सुरू होताना हा फरक मला जाणवतच नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणाऱ्याला मात्र जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. केवळ बूटसाठी एनव्हीएमई घ्यायची असेल, तर घाई नको. आणि घेतलीच, तर मदरबोर्डचं मॅन्युअल आधी उघडा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते ती खाच) भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो.

जुनी डिस्क आता यूएसबी केसमध्ये असते. तिच्यावरचं ते १०० एमबीचं पार्टिशन अजून पुसलेलं नाही, म्हणून मशीन सुरू करण्याआधी तिची केबल काढून ठेवतो.