इंदूरच्या रामबागेतली आमची केबल: पाचपैकी दोन तारे

दोन्ही तारे वसुलीला येणाऱ्या पोराचे. तो फोन उचलतो. बाकी कंपनीला आता काय द्यावं कळत नाही.

नव्याने राहायला आलेल्यांना सांगते, हे लोक कायम असे नव्हते. १९९२मध्ये झी टीव्ही आला आणि यांनी गच्चीवर डिशची छत्री लावली. खालच्या खोलीत रिसीव्हर आणि चित्र केबलच्या चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर, तिथून काळी वायर गच्च्या ओलांडत घरोघरी. मॉड्युलेटरला एक व्हीसीआर जोडला की स्वतःचं चॅनल तयार. सुरुवातीला रात्रीचा सिनेमा आणि खाली सरकणारी साडीवाल्यांची पट्टी, एवढंच. मग कॅमेरा आला आणि इंदूर दिसायला लागलं. उद्या नर्मदेचं पाणी कुठल्या भागात येणार नाही, हे आम्हाला पेपरच्या आधी कळायचं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री तर घरात कोणी झोपायचं नाही. हुकुमचंद मिल १९९१लाच बंद पडली होती, पण तिच्या कामगारांची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला सजवलेला देखावा, निघायचीच. ती जेलरोडला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असायची. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या खुर्चीत शाल घेऊन पहाटेपर्यंत बघायच्या. कॅमेरा हलायचा, निवेदक 'और ये देखिए'च्या पुढे जायचा नाही, मध्येच वायर निघायची. तरी रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे राजवाड्यासमोरच्या रंगांच्या मिरवणुकीलाही आम्ही तेच लावायचो. दुसऱ्या कोणाला राजवाडा दाखवायची गरजच काय होती!

मग डिजिटलची सक्ती आली. दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांत इंदूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. घरोघरी बॉक्स बसले, चित्र स्वच्छ झालं, हे मान्य. पण सिग्नल आता मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून कुलूपबंद येतो. व्हीसीआर जोडून भागत नाही, आपलं चॅनल चढवायचं तर त्यांची मर्जी सांभाळा. आमचं चॅनल आधी यादीच्या तळाला गेलं, मग एक दिवस दिसेनासंच झालं. तोवर साडीवालेही फोनवर जाहिराती करू लागले होते. जिथे बातम्या वाचायचे त्या खोलीत आता बिघडलेल्या बॉक्सची थप्पी आहे. मालक स्वतःच्याच धंद्यात वसुली एजंट झाले.

२०१९च्या फेब्रुवारीत नवे दर आले तेव्हा १०० चॅनलांना १३० रुपये आणि वर जीएसटी होता, पेड चॅनलचे पैसे वेगळे. ते सरकारी, त्याचा राग यांच्यावर नाही. राग याचा, की मराठी चॅनल सांगून घातलं तरी पुढच्या रिचार्जला गायब होतं. विचारलं की 'आंटी, पैक में नहीं है'. अहो, पैक तुम्हीच बनवता ना!

कनेक्शन घेणार असाल तर चॅनलांची यादी कागदावर लिहून वसुलीच्या पोराची सही घ्या, बॉक्सच्या पैशांची पावती मागा. आणि पावसाळ्यात तक्रार सकाळीच करा, दुपारनंतर लाइनमन मिळत नाही.