वॉटरलू स्ट्रीटचं क्वान यिम देऊळ, सिंगापूर: कौल लावायचा असेल तर निवांत जा

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या टूरवाल्याने इथे १५ मिनिटं दिली, बाहेरून फोटो काढा आणि चला बसमध्ये. मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी शॉपिंग सोडून मी आणि आई बुगिस एमआरटीला (तिथली मेट्रो) उतरून चालत परत गेलो आणि चांगले दोन तास तिथेच होतो.

देऊळ १८८४ सालचं, आत्ताची मोठी इमारत १९८२ ची. मुख्य देवी क्वान यिम, म्हणजे आपल्याकडचा बौद्धांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व चीनमध्ये गेला आणि तिथे हळूहळू करुणेची देवी झाला ती. तिच्या बाजूला एकीकडे बोधिधर्म नावाचा बौद्ध भिक्षू आणि दुसरीकडे ह्वा तुओ नावाचा जुन्या काळचा वैद्य, लोक दुखण्याखुपण्यासाठी त्याच्यापुढे हात जोडतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे.

आतमध्ये बघितलं तर लोक गुडघ्यावर बसून बांबूच्या काड्यांनी भरलेला नळा खडखड हलवत होते, शेवटी एक काडी बाहेर पडेपर्यंत. तिच्यावर नंबर असतो. पण तेवढ्यावर भागत नाही, मग चंद्रकोरीसारखे दोन लाल ठोकळे जमिनीवर टाकायचे, एक सपाट बाजूवर आणि एक फुगीर बाजूवर पडला तर देवी हो म्हणाली, दोन्ही सारखे पडले तर काडी परत काढायची. मग त्या नंबरची चिठ्ठी घ्यायची, इंग्रजीतली पण मिळते. आई पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "गो, हे कौल लावतत!" आमच्या गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडली की सगळ्यांच्या जिवात जीव येतो, अगदी तेच. नंतर तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही, उलट तीच मला सांगत होती की प्रश्न मनात नीट धरून मगच हलव.

बाहेर आलं की काही पावलांवर श्री कृष्ण मंदिर, हे १८७० चं. क्वान यिमकडून निघालेली चिनी माणसं सरळ इथे येऊन कृष्णासमोर उदबत्त्या धरून वाकतात, त्यांच्यासाठी बाहेर उदबत्ती खोचायचं पात्र पण ठेवलंय. कोणी कोणाला तू कुठल्या धर्माचा असं विचारत नाही. आणि याच रस्त्यावर १८७८ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग पण आहे!

२०२० च्या जनगणनेत सिंगापूरमध्ये ३१.१ टक्के बौद्ध, ८.८ टक्के ताओ (चीनमधलाच जुना धर्म) आणि २० टक्के कुठलाच धर्म नाही असं सांगणारे. पण देवीला काडी विचारणं, सातव्या चांद्र महिन्यात बिल्डिंगखाली पितरांसाठी कागदी नोटा जाळणं (आपला पितृपक्ष पण साधारण त्याच सुमाराला येतो), दुकानात जमिनीलगत जागेच्या देवाचा लाल देव्हारा ठेवणं, हे यातल्या कुठल्या रकान्यात टाकणार? आई तो देव्हारा बघून लगेच म्हणाली, राखणदार. मला तरी याच्याहून नेमका शब्द सापडला नाही.

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री पहिली उदबत्ती लावायला प्रचंड गर्दी होते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या रात्री जाऊ नका. साधा दिवस आणि सकाळची वेळ बघा. आत जायला पैसे नाहीत. बाहेर फुलवाले बसतात, कमळाच्या कळ्या घ्या. शाकाहारी असाल तर जवळच मिडल रोडवर फॉर्च्यून सेंटर आहे, तिथे बरीच शाकाहारी हॉटेलं आहेत. माझ्याकडून पाचपैकी पाच, आईने तर पुढच्या वेळी मावशीला पण आणायचं ठरवून टाकलंय.