तुंबलेलं सिंक आणि रसायनाविना उपाय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॉस्टिकवाले (म्हणजे तीव्र, जाळणारा क्षार असलेले) ड्रेन क्लीनर पूर्ण बंद ठेवून आठ महिने फक्त प्लंजर, गरम पाणी, खाण्याचा सोडा-व्हिनेगर आणि एन्झाइम क्लीनर (तेल-अन्नाचा थर हळूहळू विघटित करणारं द्रव) एवढंच वापरलं. तुंबलेलं सिंक मोकळं होतं ते प्लंजरने, नाहीतर बॉटल ट्रॅप (सिंकखालचा, पाणी साठून राहणारा बाटलीसारखा भाग) खोलून. सोडा-व्हिनेगरला मिळणारं बरंचसं श्रेय खरं तर मागून ओतलेल्या गरम पाण्याचं असतं.

फेस आला की काम होतंय असं वाटतं. पण तो नुसता कार्बन डायऑक्साइड. तो सिंकच्या उघड्या तोंडातून वर निघून जातो, अडकलेल्या गाळावर दाब येतच नाही. खाली उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्याने तेलकट थर सुटत नाही. प्रमाणाचीही गडबड आहे: १०० ग्रॅम खाण्याच्या सोड्याला ५ टक्क्यांचं व्हिनेगर जवळजवळ १.४ लिटर लागतं. 'अर्धी वाटी हे, अर्धी वाटी ते' केलं की बहुतेक सोडा तसाच खाली बसतो. वास कमी करायला मात्र तो उपयोगी आहे: रात्री दोन चमचे सोडा जाळीत टाकायचा, सकाळी भरपूर पाणी सोडायचं.

पाणी हळूहळू का होईना उतरत असेल, तर आधी भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे आणि वर दोन-तीन लिटर गरम पाणी. उकळतं नको. पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, सांधे ढिले होतात. लिक्विड वगळू नका, नाहीतर वितळलेलं तेल पुढे जाऊन गार पाइपात पुन्हा थिजतं आणि तिथे हात पोचत नाही.

पाणी अजिबात हलत नसेल तर प्लंजर. सपाट वाटीचा घ्या, कमोडचा नको. सिंकमध्ये रबर बुडेल इतकं, पाच-सात सेंटिमीटर पाणी हवं. ओव्हरफ्लोचं भोक (सिंकच्या वरच्या कडेजवळचं) आणि सिंक जोड असेल तर दुसऱ्या सिंकचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा. हे राहिलं की सगळा दाब तिकडून निसटतो. पहिला दाब हलका, आतली हवा निघू द्या. मग १५-२० वेळा जोरात वर-खाली करून झटक्यात उचला. दाबण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं, गाळ त्यानेच सैल होतो.

दोन-तीन फेऱ्यांनीही सुटलं नाही तर ट्रॅप खोला. खाली बादली ठेवा, बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवा. आत बहुतेक वेळा करडा, मेणासारखा थर सापडतो. बोटाने दाबला तर खळगा राहतो, इतका जाड. ब्रश आणि लिक्विडने घासा, मधली नळीही आतून पुसा. परत बसवताना वॉशर नीट बघा: खालच्या वाटीचा चपटा असतो, बाजूच्या पाइपचा निमुळता, आणि त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या आत जायला हवी. उलटा बसला की थेंब थेंब गळत राहतं. नट हातानेच आवळा, पान्ह्याने प्लास्टिकचे आटे जातात. मग सिंक भरून पाणी एकदम जाऊ द्या आणि सांध्यांखाली कोरडा कागद धरा.

एन्झाइम क्लीनर हे निगा राखायचं साधन आहे, चोकअप फोडायचं नाही. महिन्यातून एकदा, रात्री शेवटचं भांडं झाल्यावर, बाटलीवर दिलेल्या मापाने ओतायचं आणि सहा-आठ तास पाणी सोडायचं नाही. त्या काळात ब्लीच किंवा खूप गरम पाणी गेलं तर सगळा डोस फुकट. या आठ महिन्यांत सर्वात समाधान यानेच दिलं. ट्रॅपमधला थर पातळ राहिला, वास गेला.

आधी कॉस्टिक ओतलं असेल तर प्लंजर मारू नका, ट्रॅपही खोलू नका. डोळ्यांत उडालं तर गंभीर इजा होते. आणि ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी परत वर येत असेल तर अडथळा भिंतीतल्या पाइपात आहे. तिथे सहा मिलिमीटर जाडीची, तीन ते पाच मीटरची स्प्रिंग (पाइप साफ करायची लवचिक तार) लागते. ती ट्रॅप काढून थेट भिंतीतल्या तोंडातून, एकाच दिशेने फिरवत आत सरकवायची.